घरच्या म्हाताऱ्या माणसाची पाठ पाहिलीत का?

आमच्या शनिशिंगणापुरात घरांना दारे नसतात, हे आता सर्वदूर माहीत झाले आहे. चौकट असते आणि चौकटीला फार तर एक पडदा. डॉक्टरला कडी वाजवावी लागत नाही. ओसरीवरून हाक द्यायची आणि आत जायचे. असे असूनही एका घरात मी दोनदा आत जाऊन आलो आणि जे पाहायला हवे होते ते न पाहताच परतलो. वाचकहो, आज त्याविषयीच लिहायचे आहे.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. शनी अमावास्येचा दिवस होता. अमावास्या शनिवारी आली की गावात पाय ठेवायला जागा नसते. घरातली कर्ती माणसे दुकानावर नाहीतर गाड्या लावण्याच्या जागेवर असतात आणि घरी उरतात ती म्हातारी माणसे. त्या दिवशी गावाबाहेरच्या एका वस्तीवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी न्हाणीत पाय घसरून पडल्या. पडल्या दुपारी दोनला. सून परतली संध्याकाळी सहाला. डावा पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले. म्हातारे माणूस पडल्यावर असे दिसले, की खुब्यातले हाड मोडले असे धरून चालावे. अशा वेळी चोळू नये, ओढू नये, हाडवैद्याकडे नेऊन वेळ घालवू नये.

मुलाने आजींना रातोरात नगरला नेले. ऑपरेशन झाले आणि चांगले झाले. दहाव्या दिवशी आजी घरी आल्या. मी पाहायला गेलो. नाडी पाहिली, ब्लडप्रेशर पाहिले, छाती तपासली, टाके पाहिले. सगळे ठीक होते. आठवड्याने पुन्हा गेलो. सून म्हणाली, "आत्याबाई म्हणत्यात, पाठ लई जळती." मी म्हणालो, "पडून पडून पाठ दुखणारच," आणि दुखण्याची गोळी लिहून दिली.

तिसऱ्या वेळी ताप आला म्हणून बोलावणे आले. खोलीत उदबत्ती लावलेली होती. तरीही जो वास यायचा तो आलाच. आजींना कुशीवर वळवले. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती आणि मधली कातडी काळी पडली होती. मी सुनेकडे पाहिले. ती बिचारी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मला वाटलं तुम्ही बघितलंय."

तिला वाटले डॉक्टरने पाहिले असेल आणि मला वाटले घरच्यांचे लक्ष असेल. या दोन समजुतींच्या मध्ये ती जखम वाढत गेली. चूक तिची नव्हती, माझी होती. पाठ जळते म्हणून रुग्ण सांगत असताना पाठ न पाहणारा डॉक्टर गोळी लिहून मोकळा झाला होता. त्या दिवसापासून अंथरुणावरच्या रुग्णाला वळवून पाठ पाहिल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

ही जखम होते कशी?

माणूस एकाच कुशीवर किंवा उताणा पडून राहिला, की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. दाबलेल्या जागी रक्त पोचत नाही. तुम्हाआम्हाला मुंग्या येतात, आपण नकळत कूस बदलतो. अशक्त, लकवा झालेल्या किंवा भान नसलेल्या माणसाला ते जमत नाही. काही तासांतच कातडी मरायला सुरुवात होते. त्यात लघवीचा ओलावा, चादरीची सुरकुती, अंगातला अशक्तपणा आणि मधुमेह यांची भर पडली, की जखम झपाट्याने खोल जाते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या तिच्या ठरलेल्या जागा आहेत.

पहिली खूण लालसर डागाची. सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता काळपट किंवा जांभळट दिसतो आणि हाताला गरम अथवा कडक लागतो. बोटाने दाबून सोडा. डाग फिका होऊन पुन्हा रंग आला तर वेळ हातात आहे. दाबूनही फिका होत नसेल तर जखमेला सुरुवात झाली आहे असे समजा. त्या जागेवर पुन्हा भार पडू देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा.

काय करावे, काय करू नये

दर दोन तासांनी कूस बदलावी. सकाळी सहाला डावी, आठला उताणे, दहाला उजवी, असा तक्ता वहीच्या कागदावर लिहून भिंतीला लावावा आणि प्रत्येक वेळी खूण करावी. तोंडी ठरवलेले टिकत नाही. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी देऊन अर्धवट कलते ठेवावे, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये मऊ कापडाची घडी असावी. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. रुग्णाला चादरीवरून ओढू नये. दोघांनी मिळून उचलून सरकवावे.

पंपावर चालणारी हवेची गादी उपयोगी आहे, पण तिच्या भरवशावर कूस बदलणे थांबवू नये. वीज गेली की पंप बंद पडतो, हे आपल्याकडे सांगायला नकोच. मधे भोक असलेली रबरी रिंग मात्र वापरू नये. तिच्या कडेने उलट दाब वाढतो.

शिंगणापुरात तेलाला तोटा नाही आणि म्हाताऱ्या माणसाला तेल चोळण्यात मायाही असते. हातापायांना हलक्या हाताने तेल लावायला माझी हरकत नाही. पण हाडावरच्या लाल जागी चोळू नये. आतली नाजूक कातडी त्याने आणखी फाटते. उघड्या जखमेवर तेल, हळद, राख, पावडर, स्पिरिट काहीही घालू नये. अर्धा लिटर पाणी उकळावे, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालावे, गार झाल्यावर त्याने जखम धुवावी आणि स्वच्छ पट्टी ठेवावी. काळी पडलेली कातडी घरी कापू नये. ते काम सर्जनचे. ताप, घाण वास, पू किंवा बरळणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जखम भरते ती आतून, अन्नाने. घट्ट वरण, दूध, दही, शेंगदाण्याचे कूट आणि चालत असेल तर अंडे रोज पोटात जावे. भरवताना रुग्णाला टेकून बसते करावे आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवावे. झोपवून पाजलेले दूध फुप्फुसात जाऊन निमोनिया होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पाणी, गोळ्या आणि न्हाणी

म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होते. शिवाय लघवीला उठावे लागते, सुनेला त्रास नको, म्हणून पुष्कळ म्हातारी माणसे मुद्दाम पाणी पीत नाहीत. मग लघवीला जळजळ होते, मलावरोध होतो आणि एखाद्या दिवशी आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागतात. घरचे म्हणतात, वयामुळे. वयामुळे माणूस एका दिवसात बदलत नाही. अचानक आलेल्या भ्रमामागे जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, रक्तातली साखर किंवा मीठ उतरणे यांपैकी काहीतरी असते आणि ते बहुधा बरे होण्यासारखे असते. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकले आणि घाम सुटला, तर रुग्ण शुद्धीवर असल्यास लगेच साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखान्यात न्यावे.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा तरी डॉक्टरांपुढे ओताव्यात. एकच गोळी दोन नावांनी चालू असल्याचे किती वेळा आढळते! गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड आणि जठर बिघडवतात. ब्लडप्रेशरची गोळी मात्र "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नये. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, जीभ जड होणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर एकशे आठची गाडी बोलवावी. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आणि पडणे टाळावे. न्हाणीतले शेवाळ घासावे, भिंतीला धरायला लोखंडी पाइप बसवावा, अंथरुणापासून न्हाणीपर्यंत रात्री एक दिवा जळता ठेवावा. उठताना आधी मिनिटभर काठावर बसावे, मग उभे राहावे. या सगळ्याचा खर्च खुब्याच्या ऑपरेशनच्या खर्चापुढे काहीच नाही.

सेवा करणारीची सेवा कोण करणार?

आजींची गोष्ट अर्धी राहिली. नगरच्या सर्जनने मेलेली कातडी काढली, पुढचे सगळे घरीच करायचे होते. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. सून एकटी. मुलाचे दुकान, दोन मुलांची शाळा, गाईंची धार, कांद्याची खुरपणी. चौथ्या दिवशी ती माझ्या दवाखान्यात आली ती स्वतः चक्कर येऊन. माझ्या लक्षात आले, की आपण कागदावर तक्ता लिहिला, पण तो पाळणारी माणसे मोजलीच नाहीत.

मग मुलाला बोलावून स्पष्ट सांगितले, की रात्रीच्या पाळ्या तुमच्या. आईची सेवा हे फक्त सुनेचे काम, असे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही. शेजारच्या वस्तीवरच्या एक मावशी दुपारच्या दोन वेळा सांभाळायला आपणहून तयार झाल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मी त्यांना एकदा करून दाखवले. आठ दिवसांनी त्याच मला दाखवू लागल्या की जखमेच्या कडा कुठे गुलाबी झाल्या आहेत.

मला याचे नवल वाटायला नको होते. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, तेच मुळी खेड्यातल्या बायकांवर विश्वास ठेवून. ज्यांना शाळा दिसली नव्हती अशा कितीतरी स्त्रिया तिथे आरोग्यसेविका झाल्या. त्या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघरी पोचवली. केरळात १९९३ साली कोझिकोडला वेदनाशामक उपचारांचे केंद्र सुरू झाले आणि पुढे तिथल्या गावोगावी शेजारीपाजारीच अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जाऊ लागले. बाळासाठी आणि मरणासन्न माणसासाठी जे जमले, ते अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी आपल्या गावात का जमू नये?

सरकारी मदतीचीही माहिती असावी. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली आहे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना वॉकर, काठी, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. वृद्धांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी आहे. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याने आईवडिलांना निर्वाहखर्च मागता येतो. पण आयुष्मानचे कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावर चालते. तिथून घरी आल्यावर रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

आजींची जखम भरायला पाच महिने लागले. त्यानंतर एका सकाळी त्या वॉकर धरून ओट्यापर्यंत आल्या आणि उन्हात बसल्या. पुढे तीन वर्षे जगल्या. या काळात शनिवारी सून दुकानावर गेली, की त्या मावशी येऊन आजींजवळ बसत. गर्दीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला एकटे ठेवायचे नाही, हे त्या घराने स्वतःलाच घालून घेतलेले पथ्य होते.

हा अंक हातात असताना तुमच्या घरात, शेजारी किंवा भावकीत कुणी अंथरुणावर असेल तर आज एवढेच करा. उजेड लावा, त्यांना हलक्या हाताने कुशीवर वळवा आणि पाठ पाहा. डॉक्टर येतील तेव्हा त्यांनाही दाखवा. त्यांनी मागितले नाही तरी दाखवा.

(पुढील आठवड्यात : उतारवयातील मधुमेह आणि पायांची निगा)