इंटरनेटचा मालक कोण?

हॉस्टेलवर नेट बंद पडलं की पहिला प्रश्न ठरलेला : "सांगायचं कुणाला?" रेक्टर लॅबकडं बोट दाखवतात, लॅबवाले कंपनीकडं. हाच प्रश्न अख्ख्या जगाच्या इंटरनेटबद्दल विचारला तर? सेमिनारसाठी उत्तर शोधताना मला एका माणसाचं करिअर सापडलं.

नितीन देसाई. नाव वाचून 'लगान'चा सेट आठवला असेल, तर ते देसाई वेगळे! हे अर्थतज्ज्ञ. जन्म १९४१, मुंबई. मुंबई विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, योजना आयोग, अर्थ मंत्रालयात मुख्य आर्थिक सल्लागार आणि मग संयुक्त राष्ट्रसंघात वरिष्ठ अधिकारी. २००२ ची जोहान्सबर्गची शाश्वत विकास परिषद त्यांच्याच देखरेखीखाली झाली. यात इंजिनिअरिंगची डिग्री कुठंच नाही.

मग इंटरनेटचा संबंध काय? वेबसाइटचं नाव टाइप केलं की त्याचा नंबर शोधावा लागतो. त्या शोधाच्या मुळाशी एक यादी असते. ती सांभाळायची कॅलिफोर्नियातली आयकॅन ही संस्था (स्थापना १९९८), पण अमेरिकन सरकारच्या कराराखाली. बाकीचे देश म्हणाले, नेट सगळ्यांचं, मग देखरेख एकाचीच का? २००३ च्या जिनिव्हा परिषदेत हे भांडण मिटलं नाही. २००४ मध्ये कोफी अन्नान यांनी ४० जणांचा गट नेमला. अध्यक्ष देसाई, सचिवालय सांभाळायला मार्कस कुमर हे स्विस मुत्सद्दी.

आता आपली मेस कमिटी डोळ्यासमोर आणा. रेक्टरना शिस्त हवी, कॉन्ट्रॅक्टरला नफा, पोरांना रविवारी तांबडा-पांढरा. रेक्टर नियम करतील, पण स्वयंपाक करणार नाहीत. आणि पोरांना न विचारता ठरवलं, तर पोरं सरळ मिसळीच्या गाडीवर! इंटरनेटचंही तसंच. कायदे सरकारचे, केबल कंपन्यांच्या, प्रोटोकॉल तंत्रज्ञांचे, वापर आपला. म्हणून त्या गटात सरकारी माणसांबरोबर कंपन्या आणि सामाजिक संस्थांचीही माणसं बसली.

जुलै २००५ मध्ये अहवाल आला. इंटरनेटचा कारभार म्हणजे काय, याची व्याख्या एकमतानं झाली. देखरेख कुणाची, यावर एकमत नव्हतं. ते झाकलं नाही, चार पर्याय लिहून दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूनिसला ठरलं की दरवर्षी सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं. त्या मंचाला निर्णयाचा अधिकार नाही, फक्त चर्चा. सुरुवातीची काही वर्षं सल्लागार गटाचे अध्यक्ष देसाईच होते. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, डिसेंबर २००८ मध्ये, हा मंच हैदराबादला भरला. अमेरिकेचा करार संपला १ ऑक्टोबर २०१६ ला. म्हणजे अहवालानंतर अकरा वर्षांनी!

"नुसत्या गप्पा," असं मलाही वाटलं होतं. पण 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द बघा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. २०१४ पासून '.भारत' या देवनागरी शेवटाची नावं मिळतात. अशा नावांत कुठली अक्षरं चालतील, याचे नियम कुठल्यातरी बैठकीत ठरतात. 'ऱ्या'ची गरज मराठीला आहे, हिंदीला नाही. तिथं मराठी जाणणारं कुणी नसेल, तर आपल्या दऱ्यांचा दर्या व्हायला वेळ लागणार नाही.

कोडिंग येणारे आपल्यात खूप आहेत. पण दिवसभर बसून दुसऱ्याचं ऐकणारे, आणि मग आपलं म्हणणं शांतपणे मांडणारे? कॅम्पसला याची टेस्ट नसते. मेस कमिटीत मात्र जागा रिकामी आहे!