दाढीचं टाइमटेबल

शुक्रवारी रात्री अकराची बस. पुणे ते बीड, साधारण अडीचशे किलोमीटर. बाकीच्या पोरी बॅगेत चार्जर टाकला का, पाण्याची बाटली घेतली का ते बघतात. मी आधी एक हिशेब करायचे. सकाळी सहाला बीडच्या स्टॅण्डवर उतरेन तेव्हा माझी दाढी किती तासांची असेल?

रात्री नऊला घोटून केलेली दाढी पहाटे सहाला नऊ तासांची होते. बोट फिरवलं तर समजते, ट्यूबलाइटखाली दिसते. त्यावर उपाय एकच, स्कार्फ. आमच्याकडे ऊन असो, धूळ असो की गारठा, पोरीनं तोंडाला स्कार्फ गुंडाळला तर कुणी वळून बघत नाही. बीडच्या हवेचे माझ्यावर एवढे उपकार नक्कीच आहेत!

मी ट्रान्सवूमन आहे. गाव गेवराई तालुक्यात, नोकरी पुण्यात, दिवसभर हेडसेट लावून बोलायची. आज तो हिशेब जवळजवळ बंद झालाय. पण तो बंद व्हायला तीन वर्षं लागली, बरेच पैसे गेले, आणि एकदा चांगलंच भाजलंही. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, "तू नक्की केलंस काय?" त्यांच्यासाठी हे सगळं.

गोळी घेतली की दाढी जाते?

नाही हो! हा सगळ्यात मोठा गैरसमज. मलाही वाटायचं, हॉर्मोन्स सुरू झाले की दाढी आपोआप झडेल. तसं होत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉन गालावरच्या मऊ लवेचे राठ केस करतं. नंतर इस्ट्रोजेन घ्या, टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या गोळ्या घ्या, केस जरा सावकाश वाढतात, थोडे बारीकही होतात. हातापायाचे तर बऱ्यापैकी विरळ होतात. दाढी मात्र ठाण मांडून बसते. हा रस्ता वन-वे आहे. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाला दाढी फुटते, पण इस्ट्रोजेन घेऊन आमची जात नाही. यालाच म्हणतात नशीब!

आमच्याच जिल्ह्यातले, माजलगावचे पोलीस कॉन्स्टेबल ललित साळवे आठवतात? २०१७मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी महिनाभराची रजा मागितली. ती नाकारली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं, राज्यभर गाजलं, आणि मे २०१८मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली. २०२०मध्ये लग्नही झालं. त्यांचा प्रवास माझ्या उलट दिशेचा. पण त्या बातम्या वाचताना माझ्या डोक्यात ऑपरेशनपेक्षा तो रजेचा अर्जच जास्त बसला. बीडमधून स्वतःच्या शरीराचं काही करायचं म्हटलं की डॉक्टरच्या आधी रजा आडवी येते. आणि दाढीला एक रजा पुरत नाही. दर महिन्याला लागते.

वस्तरा की चिमटा

कॉलेजात असताना परळीला एका गुरूंकडे माझं जाणं-येणं होतं. दुपारी त्या खिडकीपाशी गोल आरसा घेऊन बसायच्या, हातात चिमटा. एकेक केस धरून उपटायच्या, तासन् तास, गप्पा मारत. मी वस्तरा वापरते हे कळल्यावर त्यांनी कपाळालाच हात लावला. "अगं, वस्तरा गड्यायचा. आपला चिमटा." हिजडा समाजात चिमट्याला मान आहे, वस्तरा लावणारीला टोमणे बसतात. मीही चिमटा घेतला. दोन वर्षं.

गंमत बघा. चिमट्याने चेहरा खरंच छान दिसतो. केस मुळापासून निघतो, त्यामुळे ती हिरवट-निळी झाक उरत नाही आणि आठवडाभर तरी शांतता. पण केस परत येतो, कधी कातडीच्या आतच वळतो, फोड येतात, काळे डाग राहतात. आणि पुढे लेसर करायचं असेल तर त्याला लागणारा केसच मुळात शिल्लक नसतो! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गुरूंना सांगणारं तरी कोण होतं? त्यांच्या तरुणपणी परळीत लेसर कुठलं आलंय!

वस्तऱ्याने केस राठ होतात, जास्त येतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. साफ खोटं. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९२८मध्येच दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून हे दाखवलं होतं. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला टोचतं, एवढंच. जवळजवळ शंभर वर्षं झाली, पण आमच्या मावशीपर्यंत बातमी अजून पोचायचीय.

उरलेलं पटकन सांगते. थ्रेडिंग म्हणजे चिमट्याचीच मोठी बहीण. वॅक्सला केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढवावे लागतात, ओढताना ब्रह्मांड आठवतं, आणि दाढीचे केस अर्धे तुटून आतच राहतात. हेअर रिमूव्हिंग क्रीम केस विरघळवतं, पण ते दाढीच्या जाड केसांना पुरेपर्यंत कातडीची वाट लागते. एफ्लॉर्निथिनचं क्रीम मिळतं. हे औषध आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारावरही देतात, पण चेहऱ्यावरचे केस हळू वाढवतं. लावणं थांबवलं की केस परत आपल्या स्पीडवर.

झाक लपवायची असेल तर फाउंडेशनचे थर चढवू नका. निळ्याला केशरी मारतं. आपल्या गव्हाळ रंगावर केशरी करेक्टर, नसेल तर केशरी लिपस्टिकचं बोट हलकंसं थापायचं, वर फाउंडेशन, वर पावडर. ऑफिसच्या एसीत हे सात-आठ तास टिकतं. मे महिन्यात बीडच्या लग्नमंडपात अर्धा तास.

जेण्ट्स पॅकेज की लेडीज?

लेसरचं तत्त्व सोपं आहे. प्रकाश केसातल्या काळ्या रंगात शिरतो, तिथे उष्णता होते, मूळ भाजतं. त्यामुळे पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही. आणि केस वाढीच्या टप्प्यात असेल तरच मूळ मरतं. सगळे केस एकाच वेळी त्या टप्प्यात नसतात, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी परत, परत आणि परत. काखेतले केस सहा-आठ सीटिंगमध्ये ऐकतात. दाढी दाट आणि खोल, तिला त्याहून जास्त लागतात. आतापर्यंत माझ्या चौदा झाल्या.

अडचण आपल्या रंगाची. प्रकाश काळं शोधतो, आणि आपल्या कातडीतही काळं असतंच. त्यासाठी लांब तरंगलांबीचं मशीन सुरक्षित. एनडी याग म्हणतात त्याला, १०६४ नॅनोमीटर. त्याचा प्रकाश वरची कातडी जास्त न तापवता खोल जातो. डायोड ८१०च्या आसपास, अलेक्झांड्राइट ७५५. हे आकडे मला आता पाढ्यासारखे पाठ आहेत, कारण पहिल्या वेळी नव्हते.

पहिल्या क्लिनिकचं नाव सांगत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं रेटकार्ड पुढे केलं. लेडीजमध्ये अपर लिप, चिन, साइडलॉक्स. जेण्ट्समध्ये बिअर्ड शेपिंग. म्हणजे दाढीला आकार देणार! मला आकार नको होता, निकाल हवा होता. तिनं आत जाऊन विचारलं, बाहेर येऊन म्हणाली, "सर... मॅडम... तुम्हाला दोन्ही मिळून पॅकेज करून देतो." फुल फेस, एका सीटिंगला चार हजार. मी घेतलं. आदल्याच आठवड्यात गावी उन्हात फिरून आले होते, चेहरा चांगलाच रापलेला. कुणी विचारलं नाही, कातडीच्या छोट्या तुकड्यावर टेस्टही केली नाही. संध्याकाळपर्यंत जबड्याखाली रुपयाएवढे चार चट्टे. पाच महिने राहिले.

म्हणून दुसऱ्या वेळी त्वचारोगतज्ज्ञ गाठले आणि पाच मिनिटं प्रश्नच विचारले. मशीन कोणतं, माझ्या रंगावर किती वेळा वापरलंय, टेस्ट पॅच करणार का, सुन्न करणारं क्रीम किती आणि किती वेळ लावायचं? हे शेवटचं स्वतःच्या मनाने करू नका. भरपूर थापून वर प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे. रोज सनस्क्रीन. मधल्या काळात वस्तरा चालतो, चिमटा बंद! कधीकधी लेसरनंतर आजूबाजूला उलट जास्त केस येतात. चेहऱ्यावर आणि आपल्याकडच्या रंगावर हे जास्त दिसतं, तेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं. त्यांच्या वेटिंग रूममध्ये माझ्यासोबत बसलेल्या बहुतेक मुली पीसीओडीवाल्या. हनुवटीवर रुमाल धरून बसायच्या, माझ्यासारख्याच.

मग इलेक्ट्रॉलिसिस. बारीक सुई केसाच्या मुळाशी घालून वीज सोडायची, एका वेळी एक केस. १८७५मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात घुसणाऱ्या पापणीच्या केसांवर याची माहिती प्रसिद्ध केली. पांढरा असो, काळा असो, केस कायमचा जातो. अमेरिकेचं औषध प्रशासन लेसरला केस कायमचे 'कमी' करणारं म्हणतं. 'काढणारं' म्हणतं ते इलेक्ट्रॉलिसिसला. पण पूर्ण दाढीला शंभर-शंभर तास लागू शकतात. वर सुईला केस धरता यायला हवा, म्हणजे दोन-तीन दिवस वस्तरा बंद. शनिवारची अपॉइंटमेंट तर गुरुवार-शुक्रवार ऑफिसात खुंट घेऊन बसायचं. ते दोन दिवस मी मास्क लावते. कोविडनंतर "सर्दी झालीय" म्हटलं की कुणी मास्कबद्दल दुसरा प्रश्न विचारत नाही.

तेव्हा माझा हिशेब असा. किती दिवस खुंट घेऊन जगासमोर जाऊ शकता, त्यावर पद्धत ठरते. रोज चार माणसांत जायचंय त्या मुलीला लेसर परवडतं, कारण मध्ये दाढी करता येते. उरलेले पांढरे-बारीक केस सुईने. दर सहा आठवड्यांनी गेवराईहून संभाजीनगर किंवा पुण्याला येणाऱ्या मुलीला मशीनच्या बिलाबरोबर बुडालेली रोजंदारी मोजावी लागते, आणि घरी सांगायला दर वेळी नवीन कारण. १७ सप्टेंबर २०२५ला अहिल्यानगरहून बीडला रेल्वे आली. कारण मात्र अजून आपलं आपणच शोधायचं.

कागदावर आम्ही आहोत, बरं का. २०१९मध्ये संसदेने ट्रान्सजेण्डर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, त्याच्या कलम १५मध्ये सरकारने विमा द्यावा अशा उपचारांत शस्त्रक्रिया आणि हॉर्मोन्सच्या जोडीला लेसर हा शब्द चक्क लिहिलेला होता. ऑगस्ट २०२२मध्ये आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या विम्याचा करारही झाला. माझ्या चौदाच्या चौदा सीटिंग पगारातून झाल्या.

दहावा

गेल्या वर्षी बाबा गेले. नववी सीटिंग नुकतीच झाली होती.

दहाव्याला राक्षसभुवनला गोदावरीच्या काठी भावकी ओळीने बसली. डोकं धाकट्यानं दिलं, ते आमचं आधी ठरलं होतं. पण तात्या ऐकेनात. "थोरला हायेस. डोस्कं राहू दे, दाढी तरी काढ. लोक काय मनतील?" केस मागे बांधून, पांढरा शर्ट घालून मी बसले. त्या दिवशी भांडायची ताकद नव्हती.

न्हावी नाना मला लहानपणापासून ओळखतात. जावळ त्यांनीच काढलेलं. त्यांनी पाणी लावलं, अंगठ्याने गाल ताणला आणि थांबले. गालावर काहीच नव्हतं. हनुवटीखाली दहा-बारा केस असतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या तात्यांकडे. वस्तऱ्यातलं पातं काढून गुपचूप पेटीत ठेवलं, भरपूर फेस केला आणि नुसता वस्तरा गालावरून दोनदा फिरवला. पाण्याने पुसलं. "झालं, तात्या," म्हणाले.

जेवणं झाल्यावर ते गाडीपाशी आले. मला वाटलं पैसे राहिले असतील. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "कुठं केलंस हे?"

"का हो नाना?"

"आमच्या पोरीच्या हनुवटीवर केस येयलेत. तीन जागा आल्या आन् गेल्या. रोज दार लावून उपटत बसती. तिला सांगायचं कसं, आन् न्यायचं कुठं?"

मी सांगितलं, आधी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दाखवा. पाळी नियमित आहे का ते विचारतील, रक्ताची तपासणी, सोनोग्राफी करतील. तिथेच त्वचेची ओपीडी आहे. लेसरचं त्यानंतर बघू, पुण्याला आणायची झाली तर माझ्याकडे उतरा. नानांनी मान डोलावली. मोबाइल काढून माझा नंबर घेतला, नाव काय टाकू म्हणून जरा अडले, मग मीच टाइप करून दिलं.

"तवर तिनं काय करायचं?"

"वस्तरा घरातच आहे की नाना. चिमटा तेवढा काढून घ्या तिच्याकडून."