मेळा उठल्यावरची पंगत

मेळा म्हणजे काय, हे मसुऱ्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. भराडीदेवीच्या जत्रेची तिथी पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल होतो, तारीख ठरते आणि मुंबईतल्या चाकरमान्यांची गाडीच्या तिकिटांसाठी धावपळ सुरू होते. लाखोंची रीघ लागते. एरवी ज्याचं तोंडही आपण पाहिलं नसतं, असा माणूस रांगेत खांद्याला खांदा लावून उभा असतो. दोन दिवसांनी पालं उतरतात, दुकानं उठतात, माणसं आपापल्या गावी जातात. त्या गर्दीत जे जवळ आले, त्यांच्यात पुढे काय उरतं?

हाच प्रश्न मी एका वेगळ्या मेळ्याला विचारतो आहे. देशोदेशीचे, नाना भाषांचे ख्रिस्ती तरुण आठवडाभर एकत्र राहतात, गातात, प्रार्थना करतात आणि परततात. अशी संमेलनं शंभर वर्षांहून अधिक काळ भरत आली आहेत. त्यांच्याविषयी लिहिलं जातं ते बहुतेक आकड्यांत : किती देश, किती लाख. मला त्यातल्या जेवणाबद्दल लिहायचं आहे.

जुलै १९३९. ॲमस्टरडॅममध्ये ख्रिस्ती तरुणांची पहिली जागतिक परिषद भरली. सुमारे दीड हजार प्रतिनिधी होते आणि हिटलरच्या सावलीत सगळा युरोप श्वास रोखून बसला होता. या मुलांनी एकत्र बायबल वाचलं, वंशभेदावर आणि युद्धावर वाद घातले. पण प्रभुभोजनाची वेळ आली तेव्हा ही मुलं वेगळी झाली. भाकर आणि द्राक्षारसाचा हा विधी ख्रिस्ती उपासनेचा गाभा. येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ती आठवण. नेमकं तेच जेवण एकत्र घेता येत नव्हतं, कारण अँग्लिकन, लूथरन, ऑर्थोडॉक्स, सुधारित अशा प्रत्येक पंथाचे नियम निराळे. उपासना वेगवेगळ्या झाल्या. ही बोच अनेकांच्या मनात कायमची राहिली. परिषद २ ऑगस्टला संपली आणि १ सप्टेंबरला महायुद्ध सुरू झालं. एका मांडवात गायलेले तरुण एकमेकांच्या शत्रुसैन्यांत गेले.

मराठी वाचकाला हे दुःख ओळखीचं वाटेल. इरावती कर्वे पंढरीच्या वारीला चालत गेल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. दिंडीत ब्राह्मण होते, मराठे होते. दिवसभर एकच अभंग, एकच रस्ता, एकच चिखल. मुक्कामावर मात्र जेवणं वेगळी. ज्यांच्याबरोबर टाळ वाजवला त्यांच्याबरोबर घास घेता येत नाही, हे इरावतीबाईंना सलत राहिलं. या लेखाचं इंग्रजी भाषांतर १९६२ साली आलं आणि ते व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाच्या वाचनात आलं. यात्रेत माणसं रोजची उतरंड विसरून समपातळीवर येतात, हा टर्नर यांचा सिद्धांत जगभर शिकवला जातो. तो मांडताना त्यांनी इरावतीबाईंची दिंडी पुरावा म्हणून घेतली. सोबत पुण्यात राहिलेले फ्रेंच जेझुइट गी दलरी यांचं विठोबा संप्रदायावरचं १९६० सालचं पुस्तकही घेतलं. त्या दिंडीने टर्नरना आपल्या सिद्धांताची मर्यादाही दाखवून दिली. समतेची लाट येते खरी, पण समाजाची चौकट ती वाहून नेत नाही. यात्रेकरू ती चौकट शिदोरीसारखी बरोबर घेऊन चालतात. ख्रिस्ती संमेलनांवरच्या आजच्या बहुतेक अभ्यासांना टर्नर यांची मांडणी टाळून पुढे जाता येत नाही. म्हणजे लिस्बनचा युवा मेळा असो की सेऊलचा, तिथल्या गर्दीचा अर्थ लावताना पंढरीची एक दिंडी आत कुठेतरी चालत असते. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

ॲमस्टरडॅमची बोच मात्र वाया गेली नाही. युद्ध संपल्यावर जुलै १९४७ मध्ये ऑस्लोला दुसरी परिषद झाली. नाझींनी व्यापलेल्या देशांतले तरुण आणि जर्मन तरुण पुन्हा एका छताखाली बसले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला दक्षिण भारतात अनेक पंथांनी मिळून ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन केलं. तिसरी परिषद डिसेंबर १९५२ मध्ये केरळात कोट्टायमला भरली. आशियाच्या भूमीवरची पहिली. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधून वाढलेल्या मंडळ्याही त्यात आल्या. जी भाकर ॲमस्टरडॅमला वेगवेगळी मोडावी लागली, ती नागपुरात एका मेजावर आली. हे केवळ तरुणांच्या परिषदांमुळे घडलं असं म्हणणं खोटं ठरेल. वाटाघाटी अनेक दशकं चालल्या होत्या. पण त्या वाटाघाटींना बळ देणारी पिढी या चळवळींतच घडली. केरळचे एम. एम. थॉमस हे त्यातलं ठळक नाव. तरुणपणी जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघाचं काम केलेला हा माणूस पुढे जागतिक चर्च परिषदेच्या मध्यवर्ती समितीचा अध्यक्ष झाला आणि १९९० मध्ये नागालँडचा राज्यपाल.

कॅथलिकांचे मेळे याहून मोठे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८५ साली जागतिक युवा दिनाची घोषणा केली. १९९५ मध्ये मनिलाच्या समारोपाला चाळीस-पन्नास लाख लोक आल्याचा अंदाज सांगतात. लिस्बनला ऑगस्ट २०२३ मध्ये पंधरा लाख होते. आशियाचा वेगळा युवा दिन १९९९ मध्ये थायलंडच्या हुआ हिनपासून सुरू झाला. २००३ मध्ये तो बंगळुरूला भरला होता. त्यातला २०१७ चा, इंडोनेशियातल्या जोग्याकार्ताचा मेळा मला सगळ्यांत विचार करायला लावणारा वाटतो. त्याच्या विषयातच ‘बहुसांस्कृतिक आशिया’ होता. ज्या देशात मुसलमान बहुसंख्य आणि कॅथलिक शंभरात जेमतेम तीन, तिथे तो भरला.

मुख्य कार्यक्रम २ ते ६ ऑगस्टला झाला. त्याआधी ३० जुलैपासून पाहुणे इंडोनेशियाच्या अकरा धर्मप्रांतांत विखुरले आणि तिथल्या लोकांसोबत राहिले. माझ्या मते या मेळ्याचा जीव त्याच दिवसांत आहे, शेवटच्या दिवशीच्या व्यासपीठावर नाही. व्यासपीठासमोर हजारोंच्या गर्दीत माणूस आपल्याच गटाच्या झेंड्याखाली उभा राहतो. अनोळखी घरात मात्र त्याला विचारावं लागतं, पाणी कुठे, चप्पल कुठे काढायची, भात हाताने खाल्ला तर चालेल का? जावामध्ये चालतो. नारळ, भात, मासळी. मालवणी पोराला तिथे परकं वाटण्याजोगं ताटात फारसं काही नाही.

जोग्याकार्ताजवळ गांजुरान नावाचं गाव आहे. तिथे साखर कारखाना चालवणाऱ्या श्मुट्झर या डच कुटुंबाने १९२४ मध्ये चर्च उभारलं आणि नंतर त्याच्या आवारात एक चंडी बांधली. चंडी म्हणजे प्रंबाननच्या देवळांच्या धाटणीची दगडी वास्तू. गाभाऱ्यात ख्रिस्त बसलेला आहे, अंगावर जावाच्या राजाचा पेहराव. २००६ च्या भूकंपात चर्च कोसळलं, तेव्हा नवं बांधताना जावाच्या जोग्लो घराचं छप्पर घेतलं. हे पाहून आपल्याकडचा कुणी तरुण परतला, तर त्याला आपल्या घरातलं आठवायला हवं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच ओवीत छापलं होतं. त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. सावंतवाडी-मालवणच्या ख्रिस्ती घरांपैकी अनेकांचे पूर्वज गोव्याहूनच इकडे आले.

हे मेळे खरंच माणूस बदलतात का? सिडनीच्या २००८ च्या युवा दिनावर मायकल मेसन, अँड्र्यू सिंगलटन आणि रूथ वेबर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी काम केलं. आलेल्यांतले बरेचजण आधीच चर्चशी जोडलेले होते, आणि सगळे एकाच ओढीने आले नव्हते. कुणी भक्तीसाठी, कुणी सोबतीसाठी, कुणी मजेसाठी. मेळ्याने नास्तिकाला भाविक केलं असं क्वचित घडतं. असलेली श्रद्धा उघडपणे सांगायचं बळ मात्र मिळतं. अल्पसंख्याकांना याची किंमत जास्त. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती सुमारे १०.८० लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. वर्गात एकटाच ख्रिस्ती असलेल्या मुलाला आपल्यासारखे हजारो एका मैदानात पाहून काय वाटत असेल, हे बहुसंख्याकांना सहज उमगणार नाही.

पण घरचं सोवळं मेळ्याने सुटत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा. मधल्या काळात शिवाशिवीचा पगडा मनातून कसा सुटत गेला, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावं. पाणी कुणाच्या हातचं, अन्न कुणाच्या घरचं, हे त्या बाईने स्वतःशी झगडून सोडवलं. तिथे ना मैदान होतं, ना ध्वनिक्षेपक. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, सगळ्यांसाठी खुला. भारतातल्या चर्चमध्ये जात आजही जिवंत आहे. लग्नं ठरताना ती दिसते. ज्या युवा मेळाव्यात हा विषय निघत नाही, त्याचं कौतुक करायला माझं मन धजत नाही.

आता आपल्याकडे पाहू. कॅथलिकांचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. सावंतवाडी हे त्याचं केंद्र. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर असे तीन जिल्हे त्यात येतात. म्हणजे तो स्वतःच बहुसांस्कृतिक आहे. घाटाखाली कोकणी आणि मालवणी, घाटावर कोल्हापुरी मराठी. खाणं वेगळं, पूर्वजांच्या कथा वेगळ्या. या मुलांना परस्परांची ओळख व्हायला विमानाची गरज नाही. आंबोलीचा घाट पुरेसा आहे. बांद्याच्या पोराने चार दिवस कोल्हापूरकडच्या शेतकरी ख्रिस्ती घरात राहावं, तिकडच्या पोरीने मालवणच्या रापणकराच्या घरी. आणि शेजाराचं काय? गोव्याला लागून असलेल्या या पट्ट्यात क्रुसासमोर लादीन ही प्रार्थना म्हटली जाते, संपली की उकडलेले चणे वाटतात, आणि ओंजळ पुढे करणाऱ्यांत हिंदू शेजारीही असतात. तो मेळा मूठभर माणसांचा, पण दर वर्षीचा.

पुढचा जागतिक युवा दिन ३ ते ८ ऑगस्ट २०२७ ला दक्षिण कोरियात सेऊलला आहे. तिकीट, व्हिसा, रजा या तिन्ही गोष्टी जमवणं कोकणातल्या साध्या घराला कठीण जातं. त्यामुळे इंग्रजी बोलणारी, शहरातली, ऐपतीची मुलं आपसूक पुढे होतात. धर्मग्रामांनी आतापासून वर्गणी काढून एखाद्या मच्छीमाराच्या, एखाद्या शेतमजुराच्या मुलीला पाठवावं, आणि परतल्यावर तिला सत्काराची शाल देऊन घरी न बसवता वर्षभर गावोगाव बोलायला न्यावं. तिने कोरियन घरात काय खाल्लं, कुणाशी भांडली, कुणाची भाषा कळली नाही, हे मालवणीत सांगू द्यावं. ऐकणाऱ्यांत आंगणेवाडीची मुलंही असू द्यावीत.