एकात्मिक चाचणीतील पूर्वस्थितीची मांडणी : भूमी अभिलेखाच्या उदाहरणाद्वारे विवेचन

अनेक मॉड्यूलांनी मिळून बनलेल्या संगणक प्रणालीत प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्रपणे तपासले असता निर्दोष ठरते. मात्र ती परस्परांशी जोडताच दोष प्रकट होतात. या जोडणीची परीक्षा म्हणजे एकात्मिक चाचणी होय. तिच्या आरंभी प्रणालीत जी ज्ञात व निश्चित स्थिती निर्माण करावी लागते, तिला फिक्स्चर म्हणतात. यंत्रशाळेत काम करावयाचा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचे हे नाव आहे. केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये तयार केलेल्या जेयुनिटमुळे चाचणीपूर्वी मांडणी व चाचणीनंतर आवराआवर ही शिस्त रूढ झाली.

चिमूर तालुक्यातील शेतकऱ्याला परिचित असलेले उदाहरण घेऊ. गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदविला जातो, सातमध्ये जमिनीवरील अधिकार आणि आठ-अमध्ये खातेदाराची एकूण जमीन दिसते. या तिन्हींसाठी तीन मॉड्यूल कल्पिल्यास फिक्स्चर म्हणून एक काल्पनिक गाव उभारावे लागेल. त्यातील १.२१ हेक्टरच्या गटाची तीन भावांत समान वाटणी होते असे मानू. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत प्रत्येकाच्या नावे ०.४० हेक्टर लागते व आठ-अची बेरीज १.२० येते. एक आर, म्हणजे शंभर चौरस मीटर जमीन, कागदावरून नाहीशी होते! फिक्स्चरमध्ये सोयीसाठी १.२० हेक्टरचा गट घेतला असता, तर हा दोष कधीच दिसला नसता. फिक्स्चर लहान असावे, पण सोयीचे नसावे.

खऱ्या गावाची संपूर्ण प्रत घेण्याचा मोह येथे होतो. तो टाळणेच इष्ट. त्यात खातेदारांची खासगी माहिती असते, आणि अपेक्षित उत्तर काय हे आधी कोणालाच ठाऊक नसते. तथापि स्थानिक वैशिष्ट्ये आवर्जून घ्यावीत. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या अभिलेखांत झुडपी जंगल अशी नोंद आढळते; सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या जमिनी वनजमिनी ठरविल्या. असा एक गट काल्पनिक गावात नसेल, तर त्यावरील फेरफार प्रणाली अडविते की नाही हे तपासताच येणार नाही.

काळ हाही फिक्स्चरचाच भाग होय. फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. चाचणी संगणकाच्या चालू घड्याळावर विसंबली, तर आज उत्तीर्ण झालेली चाचणी पुढील पंधरवड्यात अनुत्तीर्ण होईल. म्हणून दिनांक बाहेरून पुरवावा. तसेच प्रत्येक चाचणीनंतर विदागार पूर्ववत करावे, अन्यथा एका चाचणीतील वाटणी दुसरीत शिरते.

मराठी नावांबाबत एक अडचण बहुधा दुर्लक्षित राहते. युनिकोडमध्ये 'ऱ' हे अक्षर दोन प्रकारे साठविता येते : एकाच संकेतांकाने, किंवा 'र' व नुक्ता अशा जोडीने. पडद्यावर 'वऱ्हाडे' हे आडनाव दोन्ही वेळा सारखेच दिसते. परंतु एका मॉड्यूलने पहिला प्रकार व दुसऱ्याने दुसरा वापरल्यास एकाच खातेदाराची दोन खाती तयार होतात. काल्पनिक गावात एक तरी वऱ्हाडे असावेत, आणि त्यांचे नाव दोन्ही प्रकारे लिहिलेले असावे.