निरोप्याचे इमान

भिवंडी शहरातील नारपोली भागात यंत्रमागांचा खडखडाट सतत कानी पडतो. येथील लहान मागवाला पूर्वी सुताचा भाव विचारावयास पेढीवर जात असे. आज तो इंटरनेटवरही पाहू शकतो. घरबसल्या केलेली ही चौकशी आपल्यापाशीच राहते, असे त्यास वाटते. ते कितपत खरे आहे, हे आपण पाहू.

इंटरनेटची जोडणी पुरविणारी कंपनी म्हणजे आपला निरोप्याच होय. आपण मागितलेले प्रत्येक पान तिच्याच हातून येते. हल्ली बहुतेक मजकूर सांकेतिक रूपात जात असल्याने तो तिला सहसा वाचता येत नाही. तथापि पाकिटावरील पत्ता जसा टपालवाल्यास दिसतो, तसे आपण कोणत्या संकेतस्थळी व केव्हा गेलो, हे तिला बहुधा कळते. अशा नोंदी महिनोन्महिने साठल्या, की माणसाच्या सवयी आणि अडचणी त्यांतून उमगतात.

समजा, एक मागवाला आठवडाभर सूतव्यापाऱ्यांची व कर्ज देणाऱ्या संस्थांची संकेतस्थळे चाळीत आहे. ही नोंद एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याने विकत घेतली, तर याला सुताची निकड असून हाती पैसा नाही, हे तो ताडील व भाव चढा सांगेल. एकाच पक्षाची अडचण दुसऱ्यास आधी ठाऊक असेल, तर तो सौदा बरोबरीचा कसा म्हणावा? शिवाय अशा नोंदी विकत घेणे धनवंतासच परवडते; लहान व्यापारी मागे पडतो.

दुसरा परिणाम याहून सूक्ष्म आहे. नोंदी विकणाऱ्या कंपनीस त्या मिळकतीमुळे आपला दर कमी ठेवता येतो. ग्राहकास दर दिसतो, विक्री दिसत नाही. त्यामुळे गुप्तता राखणारी कंपनी महाग वाटते आणि सचोटीच तोट्यात जाते.

अमेरिकेत २०१६ साली तेथील दळणवळण आयोगाने, ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून अशा नोंदी विकू नयेत, असा नियम केला. परंतु तो अंमलात येण्यापूर्वीच तेथील काँग्रेसने रद्द केला व ३ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली. मोठी संकेतस्थळेही माहिती गोळा करतात, मग बंधन आम्हांवरच का, असा कंपन्यांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हे. परंतु एखादे संकेतस्थळ टाळता येते. जेथे जोडणी देणाऱ्या कंपन्या एकदोनच असतात, तेथे कंपनी बदलणे सोपे नसते.

आपल्या देशात टपालखात्याच्या सेवकाने पत्र फोडणे १८९८ च्या कायद्याने गुन्हा ठरविले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती कोणत्या कामासाठी हवी हे सांगून संमती घ्यावी, हे त्याचे एक मुख्य तत्त्व होय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र न वाचता दिलेली संमती ही संमतीच गणली जाण्याचा धोका असतो. म्हणून घरी नवी जोडणी घेताना केवळ दर विचारून थांबू नये. आपल्या नोंदींचे कंपनी काय करते, हेही विचारावे आणि शर्ती वाचूनच सही करावी.