लॉजिस्टिक्स म्हणजे मालवाहतूक, मग गणितातलं 'लॉजिस्टिक' काय आहे?

कुरिअरच्या गाडीवर 'लॉजिस्टिक्स' लिहिलेलं असतं आणि डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमात 'लॉजिस्टिक रिग्रेशन' हा धडा असतो. त्यामुळे या धड्यात ट्रक आणि गोदामांचा हिशेब असेल, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हे दोन वेगळे विषय आहेत.

मालवाहतुकीतलं लॉजिस्टिक्स

हा शब्द सैन्यातून आला. सैनिकांचा मुक्काम, कूच, दाणागोटा आणि दारूगोळा यांची व्यवस्था म्हणजे लॉजिस्टिक्स. मुक्कामाची जागा या अर्थाच्या 'लोजी' या फ्रेंच शब्दाशी त्याचं नातं सांगितलं जातं. नेपोलियनच्या सैन्यात काम केलेल्या जोमिनी यांनी 1838 च्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात तो वापरला. पुढे व्यापारानं तो उचलला. साठवण, वाहतूक आणि वेळेवर पोहोचवणं, हे सगळं त्यात येतं. भिवंडीतली गोदामं याच साखळीचा भाग आहेत.

गणितातलं लॉजिस्टिक

त्याच 1838 साली बेल्जियमचे गणितज्ञ व्हेर्हुल्स्ट यांनी लोकसंख्यावाढीचं समीकरण मांडलं. 1845 मध्ये त्यांनी त्याच्या वक्राला 'लॉजिस्टिक' नाव दिलं. हेच नाव का, हे त्यांनी सांगितलं नाही. मात्र आकडेमोडीशी संबंधित ग्रीक शब्दाशी ते जोडलं जातं.

समजा, एका तळ्यात जास्तीत जास्त 1000 मासे जगू शकतात. सुरुवातीला मासे भराभर वाढतात. संख्या 500 च्या आसपास असताना वाढ सर्वाधिक असते. मग अन्न आणि जागा कमी पडते, वाढ मंदावते आणि संख्या 1000 जवळ स्थिरावते. आलेखावर इंग्रजी 'एस'सारखी रेघ दिसते.

मग लॉजिस्टिक रिग्रेशन?

तिथे हीच 'एस' रेघ 0 ते 1 दरम्यान वापरतात. एखादा ईमेल स्पॅम आहे का, कर्ज बुडेल का, अशा 'हो की नाही' प्रश्नांची शक्यता त्यातून काढता येते. उत्तर 0.9 आलं तर 'हो'ची शक्यता 90 टक्के.

लक्षात काय ठेवायचं?

साथीचे किंवा व्हायरल पोस्टचे आकडे सुरुवातीला दुप्पट-चौपट होतात, तेव्हा ते असेच वाढत राहतील असं वाटतं. पण लॉजिस्टिक वाढ आणि न थांबणारी वाढ सुरुवातीला जवळपास सारखीच दिसतात. त्यामुळे पहिल्या काही दिवसांच्या आलेखावरून पुढचे मोठे आकडे सांगणारा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी थोडं थांबलेलं बरं. आणि कोर्सची फी भरण्याआधी त्यात ट्रक आहेत की समीकरणं, हेही बघून घ्या.