पन्नाशीच्या आधीचे मुक्काम

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात कानोता येतं. इथल्या गढीचे ठाकूर अमर सिंह यांनी ३ सप्टेंबर १८९८ रोजी रोजनिशी लिहायला घेतली आणि १ नोव्हेंबर १९४२ रोजी, मृत्यूच्या दिवशीपर्यंत, ती चालू ठेवली. एकूण ८९ खंड, प्रत्येकी सरासरी आठशे पानं, आणि सगळं इंग्रजीत. जोधपूर लान्सर्सबरोबर १९०० साली चीनला निघाले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढे पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला गेले. परदेशी जायला त्यांना लष्कराचा हुकूम पुरेसा होता. भारतात पासपोर्टचा कायदा आला तो १९२० साली.

या रोजनिशीपर्यंत जे परदेशी अभ्यासक पोहोचले, त्यांना मात्र कागदपत्रांच्या काळात यावं लागलं. लॉइड आणि सुझान रुडॉल्फ हे अमेरिकी दांपत्य १९५६ साली लंडनहून लँड रोव्हर गाडीने, रस्त्याने भारताकडे निघालं. दोघंही तिशीच्या आतले होते आणि हाताशी संशोधनाची शिष्यवृत्ती होती. पुढे काही वर्षांच्या अंतराने ते पुन्हा पुन्हा येत राहिले, जयपुरात बिऱ्हाड करून राहिले. १९७१ साली अमर सिंहांचे पुतणे मोहन सिंह कानोता यांच्यामार्फत त्यांना रोजनिशीचा पत्ता लागला. त्यावर तिघांनी मिळून केलेलं ‘रिव्हर्सिंग द गेझ’ प्रसिद्ध झालं तेव्हा २००० साल उजाडलं होतं. २०१४ मध्ये रुडॉल्फ पतिपत्नीला पद्मभूषण मिळालं.

म्हणजे जवळपास तीस वर्षं. असं काम सुट्टीत येऊन होत नाही, आणि निवृत्तीनंतर सुरू करायचं म्हटलं तर पुरं होत नाही.

परदेशी दीर्घ मुक्कामाचा विषय निघाला, की हल्ली पहिलं नाव निघतं ते निवृत्तीच्या व्हिसाचं. थायलंड तो पन्नाशीला देतं. बँकेत आठ लाख बात किंवा महिन्याला ६५ हजार बात उत्पन्न दाखवावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत अट पंचावन्नची आहे. फिलिपिन्समध्ये तो एकेकाळी पस्तिशीलाच मिळे. २०२१ मध्ये वयाची अट पन्नासवर नेली, २०२५ मध्ये पुन्हा चाळीसवर आणली. भारताकडे असा व्हिसाच नाही. वय पंचवीस असो की पंचाहत्तर, इथे राहायचं तर शिक्षण, संशोधन, नोकरी, व्यवसाय किंवा लग्न यांपैकी काहीतरी कारण दाखवावं लागतं.

या कारणांच्या जोरावर कोण कोण आलं याचा माग काढला, तर तो महाराष्ट्रात चांगलाच लांबवर जातो. भारत-अमेरिका फुलब्राइट करार १९५० चा. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली निघाली आणि तिचं भारतातलं पहिलं कार्यालय पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये होतं. साठच्या दशकात एलिनॉर झेलियट आंबेडकरी चळवळीवरच्या प्रबंधासाठी इथे राहिल्या. पुढे त्या कार्लटन कॉलेजात शिकवू लागल्या, तरी पुण्याशी असलेलं नातं त्यांनी आयुष्यभर जपलं. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या एका गटाचा पुण्यातला कार्यक्रम तर विशीतल्या मुलामुलींना काही महिने मराठी कुटुंबांत ठेवत असे. भाषा वर्गात शिकायची आणि संध्याकाळी घरच्या काकूंपुढे ती बोलून दाखवायची!

त्या मुलांना मराठी शिकवणाऱ्यांत अमेरिकेच्याच मॅक्सीन बर्नसन होत्या. १९६१ साली त्या हैदराबादच्या विवेकवर्धिनी कॉलेजात इंग्रजी शिकवायला आल्या, तिथे मराठी कानावर पडली, आणि १९६६ मध्ये भाषाशास्त्राच्या प्रबंधासाठी त्यांनी फलटण गाठलं. आल्या होत्या फलटणची बोली टिपून घ्यायला. राहिल्या त्या गावच्या होऊन. १९७८ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. त्यांच्या कमला निंबकर बालभवनात मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याच्या ज्या पद्धती घडल्या, त्यांचा अभ्यास करायला आजही शिक्षक फलटणला जातात.

गेल ऑम्व्हेटही अमेरिकेच्याच. १९६३ मध्ये पहिल्यांदा भारतात आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. महात्मा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळ यांवरच्या संशोधनासाठी त्या परत आल्या, भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला राहिल्या. १९८३ साली त्या भारतीय नागरिक झाल्या. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे बर्नसन आणि ऑम्व्हेट या दोघींनाही अमेरिकेचा पासपोर्ट सोडावा लागला. चाळिशी ओलांडल्यावर असा निर्णय घ्यायला किती धैर्य लागलं असेल!

जयपूरची कहाणी कापडाची आहे. फेथ सिंह मूळच्या ब्रिटिश. त्यांनी पती जॉन सिंह यांच्यासह १९७० साली ‘अनोखी’ सुरू केली आणि ठशांच्या छपाईला पुन्हा बरे दिवस दाखवले. ब्रिजिट सिंह १९८० साली फ्रान्सहून आल्या त्या लघुचित्रकला शिकायला. लग्न करून इथेच राहिल्या आणि त्यांचं नाव झालं ते आमेरजवळच्या कारखान्यातल्या ठसेकामामुळे. शिकायला यावं एक आणि हाती लागावं दुसरंच, हे दीर्घ मुक्कामातच घडू शकतं. सहा महिन्यांच्या पाहुण्याला त्यासाठी उसंत कुठली?

अशी उसंत मिळणं पूर्वी सोपं होतं. ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या बऱ्याच देशांच्या नागरिकांना १९८४ पर्यंत भारतात यायला व्हिसा लागत नसे. पंजाबातल्या अशांततेनंतर ती सवलत गेली. गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर साठच्या दशकापासून राहणाऱ्यांचा सोपा मार्ग म्हणजे पर्यटक व्हिसा संपत आला की नेपाळ किंवा श्रीलंकेत जाऊन नवा घेऊन यायचा. २००९ च्या अखेरीस सरकारने दोन भेटींत दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं केलं; ते बंधन बहुतेकांसाठी २०१२ मध्ये उठलं. २०१४ पासून व्हिसा ऑनलाइन मिळू लागला, २०१९ पासून तो पाच वर्षांचाही निघाला. पण एका दमात मुक्काम अमेरिकी, ब्रिटिश, कॅनेडियन आणि जपानी नागरिकांना १८० दिवस, बाकी बहुतेकांना ९०.

जास्त राहायचं तर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. संस्थेचं पत्र, भाडेकरार, घरमालकाने भरलेला फॉर्म, बँकेचा दाखला, आणि यातला एक कागद कमी पडला तर अर्ज अडतो. जयपूरजवळच्या सांगानेरच्या किंवा बगरूच्या छिप्याकडे, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्याकडे, हात बसेपर्यंत काम शिकू पाहणाऱ्याची गोची इथेच होते. विद्यार्थी व्हिसाला मान्यताप्राप्त संस्थेचं प्रवेशपत्र लागतं. उस्तादाच्या अंगणाला ती मान्यता कोण देणार? पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांपर्यंतचा छोटा अभ्यासक्रम चालतो. तेवढ्यात रंग कसे मुरवायचे ते कळेल, हात बसणार नाही.

इतर देशांनी पन्नाशीच्या आतल्या वयोगटाचं मोल अलीकडे ओळखलं आहे. करोनाच्या वर्षी बार्बाडोस आणि एस्टोनियाने घरून काम करणाऱ्यांसाठी व्हिसा काढले. मागोमाग २०२२ मध्ये पोर्तुगाल आणि मलेशिया, २०२३ मध्ये स्पेन. जुलै २०२४ मध्ये आलेला थायलंडचा नवा व्हिसा तर विशीपासून मिळतो. पाच वर्षांची मुदत, एका वेळी १८० दिवस, खात्यात पाच लाख बात. कारण म्हणून दूरस्थ नोकरी चालते, तसंच मुए थाय हे मुष्टियुद्ध किंवा थाई स्वयंपाक शिकणंही चालतं. पुण्यातल्या अडतीस वर्षांच्या संगणक अभियंत्याला चियांग मायला जाऊन राहायला आता पन्नाशीची वाट बघायला नको.

याच संधीचा उलटा प्रवाह भारताला मिळायला हवा. रुडॉल्फ, बर्नसन, ऑम्व्हेट ही माणसं पेन्शन घेऊन आली नव्हती. तारुण्य घेऊन आली होती, आणि त्यातून या भूमीला पुस्तकं, शाळा, चळवळी मिळाल्या. चार जुने कायदे मोडीत काढणारा आप्रवास आणि विदेशी अधिनियम १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्याखालच्या नियमांत अशा माणसाची सोय करणं अवघड नाही. वय पंचवीस ते पन्नास, छिप्याचं, गवयाचं किंवा गावच्या शाळेचं पत्र, पोटापुरते पैसे असल्याचा बँकेचा दाखला, आणि सलग दोन वर्षांचा परवाना, जो जयपूर किंवा पुण्यातच वाढवून मिळेल.